पुण्याहून परदेशी, बोटीने: फरसाण, लोणची, मसाले कंटेनरने पाठवायचे तर

दिवाळीच्या आधी पुण्यात फराळाची पार्सलं विमानाने परदेशी धाडणाऱ्यांची चलती असते. हा लेख त्या पार्सलांबद्दल नाही. भोसरीत, शिरवळला किंवा खेड शिवापूरला ज्यांचं छोटं युनिट आहे आणि चकली, भाकरवडी, लसणाची चटणी, लोणची, पापड, गोडा मसाला असा टिकाऊ पॅकबंद माल ज्यांना व्यापारी म्हणून बोटीने पाठवायचा आहे, त्यांच्यासाठी तो आहे. मग दोन-चार पॅलेट (खोकी रचायच्या फळ्या) असोत की अख्खा कंटेनर.

बहुतेकांचा पहिला फोन फॉरवर्डरला, म्हणजे माल बोटीने धाडायची व्यवस्था करणाऱ्या एजंटला, जातो: "वीस फुटी न्यूयॉर्कला काय पडेल?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. माल अडकतो तो तिकडच्या बंदरात, पण अडकण्याचं कारण सहसा इथल्या पॅकिंगच्या टेबलावरच तयार झालेलं असतं. न वाचलेला घटक, चुकीचं लेबल, मऊ पडलेलं खोकं, उरलेले थोडे दिवस. म्हणून तिकडच्या दुकानाच्या फळीपासून सुरुवात करून मागे मागे, आपल्या कढईपर्यंत यायचं.

पहिली पायरी: दिवस मोजा

समजा तुमच्या चकलीची मुदत सहा महिने, म्हणजे १८० दिवस आहे आणि माल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाणार आहे. पूर्ण ऑर्डर तळून पॅक व्हायला १० दिवस, कारखान्यातून न्हावा शेवा बंदरात जाऊन बोट लागेपर्यंत ८, समुद्रात ४५, तिकडचं कस्टम आणि तपासणी १०, आयातदाराच्या गोदामातून दुकानापर्यंत १२. झाले ८५ दिवस. ग्राहकाच्या हातात पाकीट पडतं तेव्हा निम्मी मुदत जेमतेम उरलेली असते आणि बहुतेक आयातदार निम्म्याहून कमी मुदतीचा माल घ्यायला तयार नसतात. चार महिन्यांची मुदत असलेला पदार्थ बोटीने अमेरिकेला पाठवायच्या भानगडीत पडूच नये. तोच पदार्थ दुबईला आरामात जातो, कारण न्हावा शेवा ते दुबईचं जेबेल अली बंदर हा प्रवास जेमतेम तीन-पाच दिवसांचा.

समुद्रातले ४५ दिवस हा आकडा मी मुद्दाम सैल धरलाय. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. त्या वळशाने प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबतो. सध्या कोणती लाइन (जहाज कंपनी) कुठून जाते आणि मध्ये कोलंबोला किंवा आणखी कुठे माल उतरवून दुसऱ्या बोटीवर चढवते का, हे बुकिंगच्या वेळी विचारा. दोन-अडीच हजार रुपये स्वस्त पडणारी, पण मधल्या बंदरात आठवडाभर कंटेनर बसवून ठेवणारी बोट फरसाणवाल्याला महाग पडते.

दिवाळीच्या मालाचं गणित तर फारच कडक असतं. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात धरली, तर तिकडच्या दुकानांना माल ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात हवा असतो. म्हणजे बोट ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सुटायला हवी आणि भट्टी पेटते जुलैत, ऐन पावसात. हवेत दमटपणा सगळ्यात जास्त असताना वर्षातला सगळ्यात मोठा माल पॅक करावा लागतो. पॅकिंगच्या खोलीत डीह्युमिडिफायर घ्यावा की नाही, यावर ज्यांचं घरात एकमत होत नाही त्यांनी हा मुद्दा पुढे करावा.

दुसरी पायरी: पदार्थ तिथे चालतो का?

इथे घाई करू नका. आपल्या रेसिपीतली प्रत्येक वस्तू कागदावर लिहा, अगदी चिमूटभर असली तरी. मग देशानुसार तपासा.

भाकरवडीच्या सारणात खसखस असते, अनारशांवर ती लावलेलीच असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. दुबईसाठी सारण वेगळं करावं लागेल आणि ते करताना त्याच टेबलावर, त्याच घमेल्यात आधी खसखशीचा माल झालेला चालणार नाही.

हिंगाचं तसंच. बाजारातलं बांधणीचं हिंग पुष्कळदा गव्हाच्या पिठात केलेलं असतं. तुमच्या चटणीत गहू नाही असं तुम्हाला वाटतं, पण हिंगातून तो आलेला असतो. गहू अमेरिकेत, युरोपात, सगळीकडे ॲलर्जीच्या यादीत आहे. हिंगवाल्याकडून घटकांचा लेखी कागद घ्या किंवा तांदळाच्या पिठातलं हिंग वापरा.

अमेरिकेच्या यादीत नऊ ॲलर्जी घटक आहेत. तीळ हा त्यातला नववा, १ जानेवारी २०२३ पासून आलेला. युरोप आणि ब्रिटनच्या यादीत चौदा आहेत आणि त्यात मोहरीसुद्धा आहे. म्हणजे फोडणीतली मोहरी अमेरिकेत घटकांच्या यादीत नुसती लिहिली तरी चालते, लंडनला मात्र ती ठळक अक्षरात दाखवावी लागते. मोहरीच्या तेलाची गोष्ट याच्या उलट: अमेरिकेत त्याला खाद्यतेल म्हणून परवानगी नाही. आपली बरीच लोणची शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलात असतात म्हणून सुटतात, पण उत्तरेकडच्या पद्धतीचं लोणचं कोणाकडून करून घेऊन आपल्या नावाने पाठवत असाल तर बरणी आधी वाचा.

शेंगदाणा आणि मिरची म्हटलं की अफ्लाटॉक्सिन. ही बुरशीने तयार होणारी विषं आहेत, भाजल्याने पूर्ण जात नाहीत. शेंगदाण्यासाठी अमेरिकेची मर्यादा एक अब्ज भागांत २० भाग आहे, युरोपात थेट खायच्या दाण्यांसाठी एकूण ४. दोघांमधला फरक लक्षात घ्या. दाण्याची चटणी न्यू जर्सीतल्या एडिसनला बिनबोभाट विकली जाते म्हणून ती हॅम्बुर्गला जाईल असं नाही. मार्केट यार्डातून घेतलेल्या प्रत्येक लॉटची तपासणी एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत करून घ्या, आणि ती तळण्याआधी, कच्च्या मालाची. तयार माल नापास झाला तर मसाला, तेल, मजुरी सगळंच गेलं.

मसाल्यांत २०२० पासून इथिलीन ऑक्साइड हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या वर्षी युरोपात भारतीय तिळात तो सापडला आणि तिळाचे कितीतरी पदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले. २०२४च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही तयार भारतीय मसाल्यांवर याच कारणाने कारवाई केली. जंतू मारण्यासाठी मसाल्यावर हा वायू सोडतात. युरोपला जाणाऱ्या मालासाठी वाफेने निर्जंतुक केलेला मसाला मागा आणि पुरवठादाराकडून तसं बिलावर लिहून घ्या.

दूध, तूप, खवा घातलेले पदार्थ पहिल्या फेरीत नकोच. प्राणिजन्य घटकांचे नियम युरोपात आणि ऑस्ट्रेलियात फार किचकट आहेत, आणि तुपातली शंकरपाळी एकटी सगळा कंटेनर अडवून ठेवू शकते. पहिला माल शुद्ध वनस्पतिजन्य ठेवा.

अमेरिकेसाठी आणखी एक. हवाबंद डब्यातले, पाउचमधले, खोलीच्या तापमानाला टिकणारे कमी आंबट पदार्थ, म्हणजे रिटॉर्ट केलेली (पाकिटात भरून दाबाखाली तापवून टिकवलेली) आमटी, भाजी, पिठलं, यांना कारखान्याच्या साध्या नोंदणीशिवाय वेगळी नोंदणी आणि प्रत्येक पदार्थाच्या प्रक्रियेची नोंद एफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाकडे, करावी लागते. आंबटपणा घालून टिकवलेले पदार्थही त्याच नियमांत येतात. सीमारेषा पीएच ४.६ ची. लोणचं आंबट आहे म्हणून आपोआप सुटत नाही. ते मुळात आंबट आहे, आंबवलेलं आहे की वरून ॲसिड घालून आंबट केलंय, यावर ठरतं. हे या विषयातल्या जाणकार अन्नतंत्रज्ञाकडून लेखी घ्या. चकली, शेव, पापड, कोरडी चटणी यांची वॉटर ॲक्टिव्हिटी (जंतूंना वापरता येईल अशा पाण्याचं प्रमाण) फार कमी असते, ०.८५ च्या बरीच खाली, त्यामुळे ती या कटकटीतून बाहेर राहतात. पहिल्या निर्यातीला कोरडा माल निवडावा असं मी सांगतो त्याचं अर्धं कारण हे.

लेबल

भारतातलं पाकीट तसंच पाठवून वर स्टिकर मारू, हा विचार स्वस्त वाटतो. काही देशांत आयातदाराच्या पत्त्याचा किंवा अरबी मजकुराचा स्टिकर चालतो. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख मात्र पाकिटावरच छापलेली असावी, स्टिकरवर नाही. आखाती देशांत तारखेवर स्टिकर दिसला की तपासनीसाचा संशय बळावतो.

अमेरिकेसाठी पोषणमूल्यांचा तक्ता त्यांच्याच ठराविक मांडणीत लागतो, त्यात वरून घातलेल्या साखरेची वेगळी ओळ असते. वजन औंस आणि ग्रॅम दोन्हींत. घटकांची नावं इंग्रजीत आणि तिथल्या लोकांना कळतील अशी. बेसन, ओवा, आमचूर नुसतं लिहून भागत नाही. कॅनडाला इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही. अमिरातीत अरबी, आणि दुबईत विकायचं तर आयातदाराने पदार्थ आणि लेबल तिथल्या पालिकेच्या प्रणालीत आधी नोंदवलेलं असायला हवं. तारीख कुठेही ०५/०८ अशी लिहू नका. अमेरिकन माणूस ती ८ मे वाचतो. महिना अक्षरांत.

छपाईला देण्याआधी लेबलची पीडीएफ आयातदाराला पाठवा आणि ई-मेलवर होकार घ्या. व्हॉट्सॲपवरचा अंगठा होकार म्हणून धरू नका.

नोंदण्या

यात फार रमण्यासारखं काही नाही. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो, पॅनवर आधारित असतो आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती तपासून अद्ययावत करावी लागते, बदल काही नसला तरी. निर्यातदाराला एफएसएसएआयचा (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) केंद्रीय परवाना लागतो. राज्याचा असेल तर आधी तो बदला. बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेच्या क्रमांकाचं) पत्र घेऊन ज्या बंदरातून माल जाणार त्या बंदरासाठी आइसगेटवर, म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या पोर्टलवर, नोंदवा. लोणची, पापड, चटण्या अपेडाच्या (कृषी आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांच्या निर्यात प्राधिकरणाच्या) यादीत येतात, मसाले स्पायसेस बोर्डाच्या. त्यानुसार सदस्यत्वाचं प्रमाणपत्र. जीएसटीचा एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरला की कर न भरता माल बाहेर जातो. दुसऱ्याकडून तयार माल विकत घेऊन निर्यात करणार असाल, तर ०.१ टक्के जीएसटीने खरेदी करायची सोय आहे, मात्र माल ९० दिवसांत देशाबाहेर गेला पाहिजे.

अमेरिकेसाठी कारखान्याची एफडीए नोंदणी. ती फुकट असते, सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तिचं नूतनीकरण करावं लागतं, आणि तिथे राहणारा एक एजंट नेमावा लागतो. एजंटची फी असते, ती रास्त. पण सोनेरी बॉर्डरचं 'एफडीए प्रमाणपत्र' विकणारे पुण्यातही भेटतील. एफडीए असं प्रमाणपत्र देत नाही. भिंतीवर टांगायला हवंच असेल तर तेवढ्या पैशात चांगलं कॅलेंडर येतं.

पाकीट आणि खोकं

तळलेला माल खराब होतो तो खवट होऊन. ऑक्सिजन, उजेड आणि उष्णता मिळून तेल बिघडवतात. उन्हात उभ्या कंटेनरच्या आतलं तापमान ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. त्यामुळे दुकानाच्या फळीवर सहा महिने टिकलेला माल बोटीतही सहा महिने टिकेल असं समजू नका. निदान ३८-४० अंशांवर ठेवून केलेली चाचणी हवी, दर पंधरवड्याला पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती बिघडलं ते सांगणारा आकडा) मोजलेली. पारदर्शक पाकीट बाजूला ठेवा, मेटलाइज्ड किंवा फॉइलचं लॅमिनेट घ्या, नायट्रोजन भरा आणि पॅकिंग चालू असताना पाकिटात उरलेला ऑक्सिजन मोजणारं यंत्र वापरा. सील तपासायची घरगुती युक्ती सगळ्यांना माहीत असते: पाकीट पाण्याखाली दाबायचं, बुडबुडे आले की सील गळतंय. शिफ्टच्या दर तासाला करा, नुसतं सकाळी एकदा नको. चकलीचा काटा सीलमध्ये अडकतो तो दुपारी, लोक थकल्यावर.

खोकं पाच प्लायचं असेल तर पुठ्ठ्याचा जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) आणि दाब सहन करायची ताकद पुरवठादाराकडून लिहून घ्या. दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद बरीच घटते, म्हणून कोरड्या दिवशी पुरलेलं खोकं जुलैत पुरत नाही. खोकी एकावर एक सरळ रचा, कोपऱ्यावर कोपरा. विटांसारखी आडवी-उभी रचली तर रचना पक्की दिसते, पण वजन कोपऱ्यांवरून सुटून मधल्या मऊ पुठ्ठ्यावर येतं आणि खालची थप्पी बसते.

पॅलेट लाकडी असतील तर आयएसपीएम १५ चा शिक्का हवाच: लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान ३० मिनिटं देऊन किडी मारल्याची ती खूण. शिक्का नसलेलं एक लाकूड, अगदी टेकणासाठी घातलेली फळीसुद्धा, ऑस्ट्रेलियात अख्खा कंटेनर थांबवते.

एलसीएल की पूर्ण कंटेनर?

वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ सीबीएम (घनमीटर), प्रत्यक्षात भरता येते ती २५ ते २८. आता दोन खोकी बघा.

चकली: २०० ग्रॅमची २४ पाकिटं, खोकं ४० बाय ३० बाय ३० सेंटीमीटर, म्हणजे ०.०३६ सीबीएम, एकूण वजन साधारण ६ किलो. २७ सीबीएममध्ये ७५० खोकी बसली, वजन साडेचार टन. जागा संपली, वजन जेमतेम.

लोणचं: एक किलोच्या १२ काचेच्या बरण्या, खोकं ४४ बाय ३३ बाय १८, म्हणजे सुमारे ०.०२६ सीबीएम, वजन १८ किलो. त्याच जागेत हजारावर खोकी आणि वजन साडेअठरा टनांवर. कंटेनर हे वजन पेलतो, पण अमेरिकेत वीस फुटीत सतरा टनांच्या पुढे गेलं की रस्त्यासाठी वेगळी गाडी लागते आणि तिचा दर वेगळा. आयातदाराला आधी विचारा.

या हिशेबातून शहाणपणाची गोष्ट निघते: जड आणि हलका माल एकत्र भरा. खाली लोणची, मसाला. वर चकली, पापड.

माल दहा-बारा सीबीएमपेक्षा कमी असेल तर एलसीएल, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर. दर सीबीएमवर किंवा टनावर, जे जास्त भरेल त्यावर लागतो. एलसीएलमध्ये मला दोन भीती वाटतात. पहिली वासाची. पापड आणि चकली वास ओढून घेतात आणि आपल्या इथून जाणाऱ्या एलसीएलमध्ये अगरबत्ती, साबण, चामडं हमखास असतं. शेजारी काय भरणार हे एकत्रीकरण करणाऱ्याला विचारा आणि लेखी घ्या. दुसरी तिकडच्या खर्चाची. इथलं भाडं नावापुरतं दाखवून सगळी वसुली तिकडच्या गोदामात आयातदाराकडून केली जाते. तिकडच्या शुल्काचा तक्ता हातात आल्याशिवाय दर पक्का मानू नका. बारा सीबीएमच्या पुढे गेलात की पूर्ण कंटेनरचा भाव काढून बघाच, अर्धा रिकामा गेला तरी.

कंटेनर भरायचा दिवस

रिकामा कंटेनर दारात आला की भरायची घाई करू नका. एक माणूस आत, दरवाजे बंद, दोन मिनिटं. "काका, उजेड दिसतोय का बघा, छताला नीट बघा." टाचणीएवढं भोक असलं तरी अंधारात चमकतं. मग वास घ्या: आधी रसायन, कातडी, कांदा भरला असेल तर बंद कंटेनरमध्ये लगेच कळतं. लाकडी तळाला हात लावा, ओलसर किंवा तेलकट असेल तर परत पाठवा. दरवाज्यांचं रबर दाबून बघा. वाहतूकदार कुरकुर करेल, दुसरा कंटेनर आणायला अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या. तपासणीचे आणि भरतीच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. विम्याचा दावा करताना तेच लागतात.

बोटीतल्या मालाला बाहेरून पाणी लागतं त्यापेक्षा आतूनच जास्त लागतं. दिवसा कंटेनर तापतो, पुठ्ठा, पॅलेट आणि तळाचं लाकूड यांतली वाफ हवेत जाते. रात्री पत्रा थंड पडतो आणि ती वाफ छताला पाणी होऊन खोक्यांवर ठिबकते. भिंतीच्या कड्यांना कॅल्शियम क्लोराइडच्या शोषक पट्ट्या टांगा, वरच्या थरावर क्राफ्ट कागद पसरा, आणि पावसात भिजलेलं एकही खोकं आत जाऊ देऊ नका, कितीही थोडं भिजलेलं असो. तापमान नोंदवणारा एक छोटा लॉगर मधल्या थप्पीत ठेवला, तर पुढच्या वेळी मुदत ठरवायला अंदाजावर विसंबावं लागत नाही. बुकिंग करताना कंटेनर डेकच्या खाली आणि इंजिनच्या उष्णतेपासून लांब ठेवावा अशी विनंती लिहा. ती मानतीलच असं नाही, पण लिहायला पैसे पडत नाहीत.

कारखान्यात भरून ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावायची परवानगी सीमाशुल्क खात्याकडून आधी घ्यावी लागते. ती नसेल तर माल ट्रकने न्हावा शेवाजवळच्या सीएफएसमध्ये (कंटेनर भरायच्या गोदामात) नेऊन तिथे भरतात. पुण्याजवळ दिघी आणि तळेगावच्या आयसीडीचाही (समुद्रापासून दूर असलेल्या कोरड्या बंदराचाही) विचार करता येतो. खाण्याच्या मालाला मी कारखान्यातलीच भरती सुचवेन. सीएफएसमध्ये पावसात फोर्कलिफ्टवाला तुमच्या पापडाकडे कोणत्या नजरेने बघतो, ते एकदा जाऊन बघाच.

वजनाचा दाखला, म्हणजे व्हीजीएम, १ जुलै २०१६ पासून सक्तीचा आहे. तो दिल्याशिवाय कंटेनर बोटीवर चढत नाही. गेट बंद व्हायची वेळ, व्हीजीएमची वेळ आणि शिपिंग इन्स्ट्रक्शनची (जहाज कंपनीला द्यायच्या मालाच्या तपशिलाची) वेळ या तिन्ही वेगवेगळ्या असतात. तिन्ही फळ्यावर लिहून ठेवा. ट्रेलर शुक्रवारी दुपारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी काढू नका. सव्वाशे-दीडशे किलोमीटरच आहे म्हणता म्हणता बोरघाटात रात्र होते.

कागदपत्रं

इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (सीमाशुल्क खात्याकडचा निर्यातीचा अर्ज), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), मूळ देशाचा दाखला, प्रयोगशाळेचे अहवाल. या सगळ्यांवर मालाचं नाव, खोक्यांची संख्या, वजन आणि एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) तंतोतंत एक हवा. नमकीन २१०६ मध्ये, पापड १९०५ मध्ये, मिश्र मसाला ०९१० मध्ये. पुढचे आकडे सीएचएबरोबर (कस्टम एजंटबरोबर) बसून ठरवा आणि आयातदाराच्या ब्रोकरकडूनही बघून घ्या.

शिपिंग बिलात रोडटेपचा (निर्यातीच्या मालावर लागलेले कर परत देणाऱ्या योजनेचा) दावा नोंदवायला विसरू नका, नंतर तो जोडायला फार खेटे घालावे लागतात. अमिरातीशी व्यापार करार १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे; त्या कराराखालच्या मूळ देशाच्या दाखल्याने आयातदाराचं शुल्क वाचतं, म्हणजे त्याच्याशी भाव बोलताना तुमच्या हातात एक हुकमाचा पत्ता असतो. साधा मूळ देशाचा दाखला मराठा चेंबरकडून मिळतो, अर्ज ऑनलाइन.

अमेरिकेला जाणाऱ्या मालाचं आयएसएफ (तिथल्या कस्टमला द्यायची आगाऊ माहिती) माल बोटीवर चढण्याच्या २४ तास आधी दाखल व्हायला हवं. ते आयातदार भरतो, पण त्यातला कारखान्याचा पत्ता, भरतीची जागा, एचएस कोड ही माहिती तुम्हीच द्यायची असते. उशीर किंवा चूक झाली तर दंड ५,००० डॉलरपर्यंत. शिवाय एफडीएला द्यायची प्रायर नोटिस (पूर्वसूचना), बोटीच्या बाबतीत माल पोचण्याच्या किमान ८ तास आधी. आणि परदेशी पुरवठादाराच्या पडताळणीची जबाबदारी आयातदारावर असते, म्हणून तो तुमच्याकडे धोक्यांचा आराखडा, स्वच्छतेच्या नोंदी, अहवाल मागेल. मागितले नाहीत तर काळजी करा, त्याला नियम माहीत नाहीत असा त्याचा अर्थ.

बिल ऑफ लेडिंगचा मसुदा आला की तो मोठ्याने वाचा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने इन्व्हॉइसवर बोट ठेवायचं. बोट सुटल्यावर नावातलं एक अक्षर बदलायलासुद्धा पैसे आणि दिवस जातात.

पैसे आणि विमा

नव्या आयातदाराबरोबर ३० टक्के आगाऊ, बाकी बिल ऑफ लेडिंगची प्रत दाखवल्यावर, आणि मूळ बिल ऑफ लेडिंग पैसे आल्याशिवाय हातातून सोडायची नाहीत. उधारी द्यायचीच तर ईसीजीसीचं (सरकारी निर्यात पतविमा कंपनीचं) संरक्षण घेऊन. भाव एफओबीमध्ये (माल बोटीवर चढेपर्यंत जोखीम आपली) बोलायची सवय सगळ्यांना आहे, पण कंटेनरच्या मालाला एफसीए जास्त सुरक्षित: माल ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तुमची जोखीम संपते, बोटीवर चढेपर्यंत वाट बघावी लागत नाही.

विमा सीआयएफ किमतीच्या (माल, विमा आणि भाडं धरून) ११० टक्क्यांचा, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज 'ए' या सगळ्यात व्यापक प्रकाराचा घ्या. यात काय बसत नाही ते नीट समजून घ्या: माल स्वतःच्या गुणधर्मामुळे बिघडला, बोट उशिरा पोचली, किंवा पॅकिंगच अपुरं होतं, तर पैसे मिळत नाहीत. चकली खवट झाली हा विमा कंपनीच्या लेखी अपघात नाही. वर पाकीट, नायट्रोजन आणि दिवसांच्या गणितावर एवढा वेळ घालवला तो यासाठी.

माल पोचल्यावर

प्रत्येक बॅचची दहा-बारा पाकिटं इथे मुदत संपेपर्यंत ठेवा, निम्मी थंड जागी, निम्मी पत्र्याच्या शेडमध्ये. तिकडून तक्रार आली की त्याच बॅचचं शेडमधलं पाकीट फोडून बघता येतं. बॅच क्रमांक पाकिटावर आणि खोक्यावर दोन्हीकडे असेल तर परत बोलावायची वेळ आली तरी शंभर खोकी परत येतात, साडेसातशे नाही.

तिकडे तपासणीला कंटेनर थांबला तर मोफत दिवस संपल्यावर डिमरेज आणि डिटेन्शन (कंटेनर बंदरात किंवा बाहेर जास्त दिवस ठेवल्याचं शुल्क) रोज चढतं. ते कोणी भरायचं हे करारातच लिहिलेलं असावं. बँकेत पैसे जमा झाले की ते शिपिंग बिलाशी जुळवून घ्या आणि ई-बीआरसी (पैसे आल्याचा दाखला) काढा, नाहीतर शिपिंग बिल बँकेच्या नोंदीत उघडं राहतं आणि पुढच्या वेळी बँक अडवते. रोडटेपची रक्कम खात्यात दिसू लागली की एक वर्षाच्या आत तिची स्क्रिप (आयात शुल्क भरायला किंवा विकायला चालणारं पतपत्र) काढून घ्या. आणि एलयूटी आर्थिक वर्षापुरताच असतो: मार्चअखेर नवा भरून ठेवा, म्हणजे एप्रिलचं पहिलं निर्यातीचं बिल कराविना निघेल.